एकच गाव हद्दीपलीकडे गेलं तर? निपाणी तालुक्यातल्या एका कल्पित गावाचा प्रकरण अभ्यास

निपाणी तालुक्यात, वेदगंगेकाठी, कागल तालुक्याला शीव भिडलेलं एक गाव धरू. गाव कल्पित आहे, म्हणून नाव देत नाही. साडेचारशे घरं, बावीसशे वस्ती. दहांतली आठ घरं मराठी, उरलेली कानडी, चार-दोन उर्दू बोलणारी. ऊस, तंबाखू, सोयाबीन. बाजार निपाणीला, दवाखाना बऱ्याचदा कोल्हापूरला, कोर्टकचेरी चिकोडी-बेळगावला.

प्रश्न असा: संसदेने संविधानाच्या कलम ३ खाली (राज्यांच्या हद्दी बदलण्याचं कलम) कायदा केला आणि येत्या १ नोव्हेंबरला एवढं एकच गाव कर्नाटकातून महाराष्ट्रात गेलं, तर तिथल्या माणसांचं काय होईल? निपाणी शहर, तालुका, शेजारची गावं आहेत तिथेच राहतील.

सीमाभागात या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं. मराठी घरातलं उत्तर गुलालापाशी थांबतं, कानडी घरातलं बंदपाशी. २ नोव्हेंबरची सकाळ कुणी कल्पून पाहत नाही. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. एवढ्या वर्षांत गाव कुणाचं यावर कागदांचे ढीग पडले. गाव गेल्यावर पाण्याच्या मोटारीचं वीजबिल कुणाच्या नावाने येणार, यावर जवळजवळ काहीच लिहिलं गेलं नाही. इथे तेवढंच पाहायचं आहे. गाव कुणाचं असावं हा वाद बाजूला ठेवला आहे.

कल्पनेला घातलेले लगाम

‘असं झालं तर’ म्हणताना माणूस दहा गोष्टी एकदम बदलतो. गाव महाराष्ट्रात जातं, त्याच दमात रस्ता होतो, कारखाना निघतो, पोरांना नोकऱ्या लागतात. यातलं हद्द सरकल्याने काय झालं आणि सरकार चांगलं मिळाल्याने काय झालं, हे मग कळत नाही. म्हणून पहिली अट: बदल एकच. योजना, दर, नियम दोन्ही राज्यांत आज आहेत तसेच गोठवायचे. दुसरी अट: प्रत्येक परिणाम एका कागदाशी बांधायचा, म्हणजे उतारा, दाखला, बिल, पासबुक यांपैकी कशाशी तरी. कागद दाखवता येत नसेल तर तो अंदाज वेगळ्या वहीत. तिसरी अट: गावाची सरासरी काढायची नाही, घर धरून चालायचं. ‘गावाचा फायदा’ असं काही नसतं. एका घराचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा मिळून सरासरीत शून्य दिसतो आणि भांडण मात्र खरं होतं.

प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारायचे. कोण लिहितो? पैसे कोण देतो? तक्रार कुणाकडे? जुना बंद होऊन नवा हाती येईपर्यंत मधे किती काळ? खरं दुखणं चौथ्या प्रश्नात असतं.

पहिल्या दिवशी काय बदलत नाही

पाटी बदलते, पोलीस ठाणं बदलतं, मतदारयादी हलते. कायदे मात्र बहुतेक तेच राहतात. राज्यांची पुनर्रचना करणाऱ्या कायद्यांत तशी तरतूद असते. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ११९ तेच सांगतं: नव्या राज्याने तो बदलेपर्यंत त्या मुलखात जुनाच कायदा चालू. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, पण मुंबईचा जमीन महसूल कायदा इथून हलला तो म्हैसूरचा नवा कायदा १ एप्रिल १९६४ ला लागू झाल्यावर. साडेसात वर्षं राज्य एक आणि महसुलाचा कायदा दुसऱ्याचा. १ नोव्हेंबर १९५६ लाच बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. चंदगड आणि खानापूर शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर हा प्रयोग एकदा होऊन गेलेलाच आहे. फक्त त्याचा हिशेब कुणी मांडून ठेवलेला नाही.

म्हणून आपल्या गावात १ नोव्हेंबरला ‘कर्नाटकचा कायदा संपला’ असं समजणारा पहिल्याच महिन्यात फसेल. शेतजमिनीच्या खरेदीचंच पाहा. कर्नाटकाने २०२० च्या दुरुस्तीने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला मोकळीक दिली. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय ती फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. निपाणीतल्या एखाद्या कापड व्यापाऱ्याने २०२२ मध्ये इथे एकर घेतला असेल तर तो त्याचाच राहील. पण महाराष्ट्राचा कायदा गावाला लागू झाला की तो एकर दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता येणार नाही. गिऱ्हाईक कमी, भाव कमी. हे कळताच कायदा लागू होण्याआधीच्या महिन्यांत खरेदीपत्रांची झुंबड उडेल, आणि घाईची खरेदीपत्रं पुढे कोर्टात जातात.

उतारा: ३ एकर १७ गुंठे

सगळ्यात जास्त घरांना शिवणारा कागद हाच. कर्नाटकाचा संगणकीय उतारा एकर-गुंठे-आण्यांत असतो: ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आर-चौरस मीटरात. बोलीभाषेत गुंठा आणि आर एकच धरतात, आणि तिथेच घोळ होतो. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर.

३ एकर १७ गुंठे म्हणजे १३७ गुंठे. बरोबर रूपांतर केलं तर १ हेक्टर ३८.६० आर. घाईत गुंठ्याला आर लिहिलं तर १ हेक्टर ३७ आर. फरक १६० चौरस मीटरचा, म्हणजे दीड गुंठ्याहून थोडा जास्त. जागेवर बांध हललेला नाही, कागदावर मात्र दीड गुंठा गायब. भाऊबंदांत आधीच धुसफूस असेल तर त्याला हे पुरतं. शेजाऱ्याचा उतारा नीट उतरला आणि आपला चुकला, तर मोजणी आणणारच.

दुसरा घोळ नावांचा. उतारा कानडीत आहे. मराठी नाव एकदा कानडीत गेलं आणि आता परत देवनागरीत येणार. मधल्या टप्प्यात कुणी हाताने टायपिंग केलं की आडनावातला ‘ळ’ ‘ल’ होतो, ‘ई’चा ‘इ’ होतो, आधार आणि उताऱ्याचं जुळत नाही, आणि पीकविम्यापासून बँकेपर्यंत सगळं अडतं. तिसरा घोळ अर्धवट फेरफारांचा. वारसाची नोंद निपाणीच्या तहसीलात अर्धी झाली आहे, हरकतीची मुदत चालू आहे, आणि मधेच १ नोव्हेंबर. अशी प्रकरणं मोजून, प्रत्येकाचा टप्पा लिहून सोपवली नाहीत तर अर्जदार दोन्ही तहसीलांत फिरतो.

संवाद साधारण असा होईल:

‘तलाठीसाहेब, वारसाचं कुठपर्यंत आलं?’

‘अण्णा, तुमची फाइल निपाणीहून आल्याशिवाय मी काय करू? इकडं उतारा चढलेलाच नाही.’

निपाणीत विचारलं तर उत्तर: ‘तुमचं गावच आमच्या यादीत दिसत नाही.’

दोघंही खरं बोलत आहेत. कागद मधल्या शीवेवर आहे.

उपाय अवघड नाही, फक्त आधी करायचा असतो. अंमल-दिवसाच्या निदान सहा महिने आधी दोन्ही भाषांत, दोन्ही मापांत समोरासमोर छापलेला मसुदा उतारा चावडीवर लावायचा. रूपांतराचा एकच आकडा (१ गुंठा = १.०११७ आर) आणि गोळाबेरीज कुठे करायची हे वरच लिहायचं. हरकती तिथेच, गावातच घ्यायच्या.

मोटार: साडेसात की दहा?

नदीवरून पाणी उचलणाऱ्यांकडे १० एचपीच्या मोटारी सर्रास असतात. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मोफत वीज योजनेत मर्यादा साडेसात एचपी. म्हणजे साडेसातवाल्याला फरक नाही. दहावाला हेस्कॉमकडून (इथली कर्नाटकाची वीज कंपनी) महावितरणकडे जाताच बिलात आला. १० एचपीची मोटार रोज आठ तास, वर्षात १५० दिवस चालली तर साधारण नऊ हजार युनिट होतात. हिशेबापुरते युनिटला तीन रुपये धरले तरी २७ हजार.

आता माणूस काय करेल? बिल भरणारे थोडे. काही साडेसातची मोटार बसवतील. त्याच उंचीवर ती पाऊण पाणी उचलते, म्हणजे जिथे आठ तास लागत होते तिथे पावणेअकरा लागतील, आणि थ्री फेज तेवढा वेळ मिळत नाही. बाकीचे मोटार तीच ठेवून साडेसातची पाटी लावतील. हा पर्याय गृहीत धरला नाही तर अभ्यास कागदीच राहील. ६३ केव्हीएच्या एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सहा मोटारी धरा. कागदावर साडेसातच्या, एकूण ४५ एचपी. मोटारीची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर दोन्ही ०.८ धरले तर भार ५२ केव्हीएच्या आसपास, डीपी झेपवतो. प्रत्यक्षात दहाच्या सहा, म्हणजे ६० एचपी, भार ७० केव्हीए. एप्रिलमध्ये सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात तेव्हा डीपी जळतो, आणि तो बदलून येईपर्यंत साडेसातवाल्याचा ऊसही वाळतो. ज्याला पहिल्या हिशेबात ‘फरक नाही’ असं लिहिलं, तोच शेवटी मारला जातो. अशा दुसऱ्या फेरीच्या परिणामासाठीच हा सगळा उपद्व्याप करायचा असतो.

घरातला पैसा कुणाच्या हातात

एक घर घ्या: सासू ६८ वर्षांची, सून ३४ ची, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख सासू. कर्नाटकात गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर, म्हणजे सासूच्या. महाराष्ट्रात लाडकी बहीणचे १,५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या बाईला, घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर. हद्द सरकली की सासू वयाने बाहेर, सून आत.

घराला महिना ५०० रुपयांचा तोटा, एवढंच कुणी लिहील. पण त्या घरात सत्ता हलली. आजवर औषधाच्या पैशाला सासूला कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता, आणि सून गॅसच्या टाकीला ‘आत्याबाई, पैसे द्या की’ म्हणत होती. आता उलट. कुणाला हे बरं वाटेल, कुणाला वाईट. दोन्ही घरं याच गल्लीत सापडतील.

मधला काळ इथेही आहे. कर्नाटकाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून थांबेल. महाराष्ट्रात रहिवासाचा पुरावा लागतो, आणि अधिवास दाखल्याऐवजी चालणारी १५ वर्षांपूर्वीची रेशनकार्डं, मतदारकार्डं या गावात सगळी कर्नाटकाचीच. ‘या गावापुरता कर्नाटकाचा जुना पुरावा महाराष्ट्राचाच धरावा’ हे एक वाक्य शासन निर्णयात नसेल तर सगळ्या अर्जांवर त्रुटी निघेल.

बसचंही तसंच. शक्ती योजनेत कर्नाटकाच्या बाईला राज्यातल्या साध्या बसला तिकीट नाही. एसटीत बायकांना निम्मं तिकीट. निपाणीच्या कॉलेजला जाणारी मुलगी आता रोज राज्य ओलांडते. वडापवाल्याचा (खाजगी जीपवाल्याचा) धंदा वाढेल एवढं नक्की.

सोसायटी आपोआप बहुराज्य

हा परिणाम बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. गावची कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटी शेजारच्या दोन गावांनाही कर्ज देते असं धरू. बहुराज्य सहकारी संस्था कायदा, २००२ च्या कलम १०३ प्रमाणे, पुनर्रचनेमुळे ज्या सहकारी संस्थेचे उद्देश एका राज्यापुरते न राहता दोन राज्यांत जातात ती त्या दिवसापासून बहुराज्य संस्था मानली जाते. निबंधक बदलतो, राज्याचा जाऊन केंद्राचा येतो. संस्थेने ठराव केला नाही, कुणी अर्ज केला नाही, तरी.

पीककर्जाची व्याजसवलत मात्र राज्याची असते. कर्नाटकात वेळेवर फेडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत बिनव्याजी, महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत. साडेचार लाख उचललेल्या ऊसवाल्याला वरच्या दीड लाखावर व्याज लागेल. आणि जूनमध्ये एका राज्याच्या सवलतीवर उचललेलं कर्ज पुढल्या वर्षी दुसऱ्या राज्यात फेडायचं, त्या एका हंगामाची सवलत कोण भरणार? दोन्ही सरकारं दुसऱ्याकडे बोट दाखवतील. हे अंमल-दिवसाच्या आधीच लिहून घ्यायला हवं.

उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच तो किमान दर, केंद्राचा, त्यामुळे तो बदलत नाही. वाहनांचे नंबर आणि लायसन्स हा चर्चेत सगळ्यात आवडता विषय, आणि परिणामाने सगळ्यात किरकोळ. जुने नंबर चालू ठेवता येतात.

दाखले आणि पोरं

बारावीचा मुलगा घ्या. आज महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट आहे. गाव महाराष्ट्रात गेलं की ते ‘वादग्रस्त’ उरत नाही, म्हणजे त्या गटात बसत नाही. सर्वसाधारण गटांत जायला दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली किंवा स्वतःचा अथवा आईवडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो, यातलं याच्याकडे अजून काहीच नाही. कर्नाटकाच्या सीईटीत सात वर्षांचं शिक्षण दाखवता येईल, पण गाव आता कर्नाटकात नाही. ज्यांच्यासाठी बाप मोर्च्यात चालला त्याच वयाची पोरं पहिली दोन-तीन वर्षं अधांतरी. उलट तेव्हा पहिलीत असणाऱ्या मुलाला यातलं काहीच लागणार नाही.

जातीच्या दाखल्यांचं याहून कडक आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात. बेडर-नायक-वाल्मीकी कर्नाटकात अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात बेरड विमुक्त जातीत. लंबाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत. वडरांचंही तसंच. गावात बेडरांची पंधरा घरं असतील तर त्यांच्यासाठी हा बदल राजकीय आरक्षणापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं उलटंपालटं करणारा आहे, आणि गुलालाच्या चर्चेत त्यांचं नाव येत नाही. यावर तोड आहे: १९५६ नंतर या याद्या काही काळ मुलखावार वेगळ्या ठेवल्या होत्या, क्षेत्राचं बंधन बहुतांशी उठलं ते १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने. तशी तात्पुरती मुलखावार नोंद हद्द बदलणाऱ्या कायद्यातच करावी लागेल. मागून दुरुस्ती करू म्हटलं की एक पिढी जाते. मराठ्यांचा कर्नाटकातला ३ब हा मागास प्रवर्ग जाऊन महाराष्ट्रातला प्रवर्ग येईल, तेही नव्या दाखल्यासकट.

आणि कानडी घरं. दहांतली दोन म्हणजे नव्वदच्या आसपास. १ नोव्हेंबरला ती भाषिक अल्पसंख्य होतात. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण द्यावं, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा जुना निकष. नव्वद घरांत प्राथमिकच्या वयाची चाळीस मुलं निघतील, वर्गवार दहा निघतीलच असं नाही. जत-अक्कलकोटला कानडी शाळा आहेत, म्हणजे महाराष्ट्राला ही व्यवस्था नवी नाही. पण उतारा कानडीत मिळेना, ग्रामसभेची नोटीस समजेना, अशी तक्रार घेऊन उद्या ही घरं कागलच्या तहसीलात उभी राहतील, तेव्हा त्यांच्या अर्जातली वाक्यं गावातल्या मराठी माणसाला ओळखीची वाटतील. तीच त्याने आजवर निपाणी-बेळगावात लिहिली आहेत. हे घर वगळून केलेला अभ्यास प्रचार होतो.

अंदाज कुठे चुकेल

सगळ्यात मोठी चूक माणसांच्या हुशारीबद्दल होईल. सीमेवरचा माणूस दोन दगडांवर पाय ठेवायला शिकलेला आहे. सासूचं नाव निपाणीतल्या लेकीच्या रेशनकार्डावर चढेल. पोरगं मामाकडे राहून शिकेल. दहाची मोटार भाच्याच्या नावच्या कर्नाटकातल्या शेतात दाखवली जाईल. म्हणून वर मोजलेला तोटा ज्यांचे दोन्हीकडे नातेवाईक आहेत त्यांना कमी लागेल, आणि ज्यांचं कुणीच नाही, म्हणजे शेतमजूर, परित्यक्ता, बाहेरून येऊन वसलेली घरं, त्यांना पुरता. हा फरक कुठल्याच सरकारी तक्त्यात उतरत नाही. घरोघर ‘पलीकडे कोण आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला तर उतरतो.

दुसरी चूक वेळेची. नोव्हेंबर म्हणजे ऊसतोड सुरू, शाळेचं वर्ष अर्ध्यात, पीककर्ज अंगावर. कायदा करणाऱ्यांना १ नोव्हेंबर भावनेला धरून वाटेल, पण गावाला १ जून परवडेल: शाळा नव्याने सुरू, हंगाम संपलेला, सोसायटीचं वर्ष मार्चला बंद झालेलं. आर्थिक वर्षाला धरून हद्द सरकवल्याचं उदाहरणही आहे. आंध्र आणि मद्रास यांच्यातली गावांची देवाणघेवाण १ एप्रिल १९६० ला अंमलात आली.

राहिली पंचायत. कर्नाटकात पाच ते सात हजार वस्तीला एक ग्रामपंचायत, म्हणून आपलं गाव आणखी तीन गावांबरोबर एका पंचायतीत आहे. पाण्याची टाकी शेजारच्या गावच्या टेकावर, जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) आपल्या हद्दीत. हद्द सरकताच जॅकवेल महाराष्ट्रात, टाकी कर्नाटकात. वॉटरमन कर्नाटकच्या पंचायतीचा पगारी, त्याला उपशाची मोटार चालू करायला रोज सकाळी दुसऱ्या राज्यात यावं लागेल. मालमत्तेची वाटणी करणारी कलमं सरकारी इमारती, कर्जं, निवृत्तिवेतन यांसाठी लिहिलेली असतात. व्हॉल्व कुणी फिरवायचा हे त्यांत नसतं. दोन पंचायतींत लेखी करार लागेल, आणि त्यात निदान एवढं हवं: कुणाला किती तास पाणी, जॅकवेलचं वीजबिल नळांच्या प्रमाणात (पंधराशे नळांतले साडेचारशे आपले, म्हणजे तीस टक्के), मोटार जळाली तर पहिला खर्च कुणी करायचा आणि किती दिवसांत वसूल करायचा, वॉटरमनचा पगार कुणाकडून, आणि एका बाजूला करार मोडायचा असेल तर आधी निदान दोन उन्हाळ्यांची नोटीस, म्हणजे दुसऱ्याला स्वतःची विहीर खोदता येईल.